दुकानाची पाटी आणि ओली शाई

आमचा व्यवसाय धान्याचा. पाट्यांच्या कारागिरीशी आमचा संबंध गिऱ्हाईक म्हणूनच. परंतु सभासदांपैकी काहींची मुले अलीकडे या धंद्यात पडली आहेत, म्हणून अनुभवाचे चार शब्द.

दोन वर्षांपूर्वी पेढीची पाटी आम्ही दिवाळी पाडव्यासाठी घाईने करविली. कारागिराने सकाळी व्हिनाइलवर छपाई केली व दुपारीच वर पारदर्शक लॅमिनेशन चढविले. होळीपूर्वीच फुगे आले, कडा वळल्या. पैसे पाण्यात गेले. सॉल्व्हंट शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातील द्रावक आत शिल्लक असते. वरून थर बसला की त्याची वाट बंद होते व ते मागचा चिकट थर मऊ करते. ओले धान्य पोत्यात शिवावे, तसाच हा प्रकार! छपाईनंतर किमान २४ तास माल मोकळा ठेवावा, घट्ट गुंडाळू नये.

अक्षरांचा ठोकताळा असा : १० फुटांवरून वाचण्यास १ इंच उंची; रस्ता ४० फुटांचा असल्यास ४ इंच. ही उंची शिरोरेखेखालील मुख्य अक्षराची धरावी. वेलांट्या, मात्रा व उकार यांस जागा निराळी सोडावी.

मुहूर्ताचा आग्रह मात्र आमचाच होता, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.