बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

प्रसूती सुखरूप पार पडली, पेढे वाटून झाले, की घरातील सर्वांचे लक्ष स्वाभाविकपणे पाळण्याकडे वळते. बाळाचे वजन, त्याचे दूध, त्याची झोप यांची चौकशी दिवसातून दहा वेळा होते. त्याच्या आईची मात्र क्वचितच होते. वास्तविक प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तिच्या शरीरासाठी मोठ्या घडामोडींचे असतात. वैद्यकशास्त्र यास सूतिकाकाल म्हणते. आपल्याकडे पाळला जाणारा सव्वा महिना जवळजवळ तेवढाच. या काळात नेमके काय घडते हे कुटुंबीयांना ठाऊक असावे, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

गर्भाशयाचे पूर्ववत होणे

प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे १ किलो असते व त्याचा वरचा भाग बेंबीजवळ हाताला लागतो. तो दररोज साधारण बोटभर खाली सरकतो आणि १० ते १४ दिवसांत ओटीपोटात उतरतो. सहा आठवड्यांच्या अखेरीस गर्भाशयाचे वजन १०० ग्रॅमच्याही खाली येते. वार जेथून सुटते, तेथील उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या आकुंचनामुळेच दाबल्या जाऊन बंद होतात. हे आकुंचन सैल पडल्यास थोड्याच वेळात धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच पहिले २४ तास परिचारिका वारंवार पोट तपासतात, नाडी व रक्तदाब पाहतात. बाळाला पाजताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि गर्भाशय आवळते. त्या वेळी पोटात येणाऱ्या कळा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस अधिक जाणवतात. त्यांनी घाबरून जाऊ नये.

अंगावरून जाणारा स्राव पहिले तीन-चार दिवस लाल, नंतर फिकट तपकिरी व दहाव्या दिवसाच्या सुमारास पांढुरका होतो. चार ते सहा आठवड्यांत तो थांबतो. त्यास दुर्गंधी येणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण होय. व्हिएन्ना येथे १८४७ साली डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात शिरण्यापूर्वी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा दंडक घातला आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. स्वच्छ हात व स्वच्छ कापड यांचे महत्त्व आजही तेवढेच आहे.

इतर बदल

गरोदरपणात शरीरात साठलेले जादा पाणी पहिल्या आठवड्यात लघवी व घाम यांवाटे बाहेर पडते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास त्वचेवरील जखम आठवड्याभरात मिटलेली दिसते; आतील थर सांधण्यास मात्र सहा आठवडे व कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोवर पाण्याने भरलेली घागर वा कळशी उचलणे टाळावे. खोकताना, शिंकताना लघवी सुटणे ही तक्रार पुष्कळ स्त्रिया संकोचापोटी वर्षानुवर्षे सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे साधे व्यायाम शिकून घेतल्यास त्यात बहुतेकींना सुधारणा दिसते.

मनाकडेही लक्ष हवे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येणे सामान्य असून ते आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे व त्यावर उपचार आहेत.

परंपरेतील काय ठेवावे, काय सोडावे

विश्रांती, माहेरची सोबत, तेलाचे हलक्या हाताने मालीश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांमागे शहाणपण आहे. स्तनपान करणाऱ्या मातेला पहिले सहा महिने दररोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक आहार लागतो. मात्र केवळ तुपातल्या पदार्थांवर भर न देता पालेभाज्या, डाळी, फळे, तसेच चालत असल्यास अंडी द्यावीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणून लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्याव्यात. बाळंतिणीला पाणी कमी देणे, कोंदट खोलीत धुरात ठेवणे, दिवसच्या दिवस बाजेवरून उठू न देणे या गोष्टी सोडाव्यात. निजून राहिल्याने पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

थांबू नये अशी लक्षणे

- तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव
- १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप
- तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, झटके
- एकाच पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे
- टाक्यांतून पू येणे. स्तन लाल होऊन ठणकणे

यांपैकी काहीही दिसल्यास, रात्र असली तरी, रुग्णालयात आणावे. ‘बाळंतिणीला असे व्हायचेच’ या एका वाक्यापायी मोलाचे तास वाया जातात. रक्तदाबाचा विकार प्रसूतीनंतरही उद्भवू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

पुन्हा भेट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार पहिल्या २४ तासांनंतर मातेची आणखी किमान तीनदा तपासणी व्हावी: ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत व सहाव्या आठवड्यात. गावोगावच्या आशा सेविका ४२ व्या दिवसापर्यंत घरभेटी देतात. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. सहाव्या आठवड्याच्या भेटीस आई व बाळ दोघांनीही यावे. पाळी सुरू होण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो, म्हणून पाळणा लांबविण्याचा विचार याच वेळी करावा. पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर मातेच्या प्रकृतीस हितावह ठरते.

देणगीदारांच्या साहाय्याने प्रसूतिकक्षात खाटा व उपकरणे येतात. त्यांचे खरे चीज, घरी गेलेली माता सहा आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी चालत तपासणीस येते, तेव्हा होते. तिला त्या दिवशी आठवणीने घेऊन येण्याचे काम कुटुंबीयांनी करावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.