झिजणारा दगड घ्या

नव्या बेंच ग्राइंडरसोबत करड्या रंगाचे जे दोन दगड येतात, ते वेल्डिंगचे सांधे घासायला ठीक. लाकूड कातायच्या हत्यारांना ते लावू नका. आमच्या शेडमधल्या ग्राइंडरवर तेच होते. कार्बन स्टीलची जुनी गोल पटाशी टेकवली, ठिणग्या झकास उडाल्या आणि टोक निळं पडलं. पोलाद ३०० अंशांच्या आसपास निळं पडतं, म्हणजेच त्याचं पाणी उतरतं. तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय धार टिकत नाही. सागात वाळूचा अंश असल्यानं धार आधीच लवकर मरते, त्यात हे!

दुकानात गेलो तर सल्ला मिळाला, ‘साहेब, कडक दगड घ्या, वर्षानुवर्षं टिकेल.’ या कामाला नेमका तोच नको. हत्याराचं पोलाद कडक असेल तर दगड मऊ हवा. मऊ दगडाचे बोथट कण वेळेवर गळतात आणि खालचे धारदार वर येतात. कडक दगड त्यांना धरून ठेवतो, मग त्याला चकाकी चढते, तो कापायचं सोडून नुसता घासतो आणि हत्यार तापतं.

म्हणून लेबल वाचायला शिका. ‘डब्ल्यूए ६० के ५ व्ही’ असं काहीसं असतं. डब्ल्यूए म्हणजे पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० ही कणांची जाडी. पुढचं अक्षर महत्त्वाचं: ए सर्वात मऊ, झेड सर्वात कडक. आपल्याला जे किंवा के पाहिजे. दगड पांढरा दिसला म्हणून मऊ असेलच असं नाही, अक्षर बघूनच पैसे द्या. आकार द्यायला ६०, धारेला ८० किंवा १२०. हिरवा दगड कार्बाइडच्या टोकांसाठी असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कमी फेऱ्यांच्या ग्राइंडरचं फार कौतुक होतं. मला विचाराल तर १५० मिलिमीटरचा योग्य दगड २८८० फेऱ्यांवरही चालतो. हत्यार दाबलं की मात्र तापतंच. कार्बन स्टील घडोघडी पाण्यात बुडवा. हायस्पीड स्टील थोडं निळं पडलं तरी बिघडत नाही, पण तापलेलं पाण्यात घालू नका, धारेला बारीक तडे जातात.

आपल्याकडच्या दगडांचं भोक बऱ्याचदा ३१.७५ मिलिमीटरचं असतं आणि ग्राइंडरचा दांडा त्याहून बराच बारीक. बुश घट्ट बसणारा घ्या, कागदाची पट्टी गुंडाळून भागवू नका. दगडाच्या दोन्ही बाजूंचे कागदी गोल मात्र काढायचे नसतात. बसवण्याआधी दगड बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा आहे, फेकून द्या. पहिल्यांदा सुरू करताना मिनिटभर बाजूला उभे राहा. टेकू आणि दगडात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको.

हल्ली सगळे सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) चाकाचं नाव घेतात. चाक उत्तमच: व्यास बदलत नाही, त्यामुळे कोन हलत नाही, ड्रेसिंगही लागत नाही. पण साधं लोखंड लावलं की ते भरून बसतं, आणि किंमत पांढऱ्या दगडाच्या कितीतरी पट. रोज लेथवर उभे राहत नसाल तर त्याआधी एक डायमंड ड्रेसर घ्या आणि पांढऱ्या दगडाची चकाकी दिसली की लगेच उतरवत जा.