खर्रा सोडायचा, तर आधी रस्ता बदला

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण, खाणाऱ्याला तंबाखूचे तोटे सांगावेत, तर ते त्याला बहुधा तोंडपाठ असतात. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या 95 टक्क्यांहून अधिक प्रौढांनी धूरविरहित तंबाखूने गंभीर आजार होतो असे सांगितले. त्याच सर्वेक्षणात 21.4 टक्के प्रौढ ती तंबाखू वापरत होते. म्हणजे वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना धोका ठाऊक होता. आपण मात्र अजून पुडीवर भीतीदायक चित्र छापून, घरात बोलणी ऐकवून आणि दवाखान्यात दटावून काम भागेल असे धरून चालतो. माहितीला विरोध नाही, ती हवीच. पण माणसाला हलवते कोण, हा प्रश्न माहितीच्या पलीकडचा आहे आणि त्याचे उत्तर चुकले की सल्लाही चुकतो.

पहिले उत्तर शरीराकडे आहे. तोंडातल्या तंबाखूचे निकोटीन काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड होते, डोके जड वाटते, कामात लक्ष लागत नाही. पुढचा खर्रा ही बेचैनी घालवतो; खाणाऱ्याला वाटते, खर्ऱ्याने तरतरी आली. खरे तर आधीच्या खर्ऱ्याने काढलेले कर्ज नंतरचा फेडतो आणि लगेच नवे काढतो. तोंडाचा कर्करोग वीस वर्षांनी होईल किंवा होणारही नाही. बेचैनी आत्ता आहे आणि तिचा उतारा चौकातल्या टपरीवर आहे. लांबच्या मोठ्या नुकसानीपेक्षा हाताशी असलेला छोटा आराम जड ठरतो. शिवाय टपरीवर खर्रा घोटला जाईपर्यंत चार माणसे भेटतात, गप्पा होतात, कामातून पाच मिनिटांची सुटी मिळते. खर्ऱ्याच्या एका पन्नीत आराम, सोबत आणि विसावा असे तिन्ही मिळत असतील, तर ती घेणारा मूर्ख नव्हे. त्याच्या खऱ्या गरजा तो चुकीच्या दुकानातून भागवतो आहे.

भीतीचे काय? भीती माणसाला हलवते, पण आपल्याला हव्या त्या दिशेने नेईलच असे नाही. याचा दाखला वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या शेजारीच आहे. 1936 मध्ये मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, तेव्हा रोग्याला रोगाइतकेच, किंबहुना जास्तच, गावाबाहेर काढले जाण्याचे भय होते. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभरात बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरीही बधिर चट्टा लपवणारी माणसे आजही आहेत. लोकांतून उठण्याची धास्ती बोटे वाकडी होण्याच्या धास्तीवर मात करते. म्हणून व्यसनी माणसाला चारचौघांत लाज काढून सुधारू पाहणारे घर बहुतेक वेळा त्याला फक्त लपवायला शिकवते.

यावर कोणी म्हणेल, हृदयविकाराचा झटका आला की माणसे एका दिवसात तंबाखू सोडतात, ती भीतीनेच ना? काही सोडतात, हे खरे आहे. मात्र त्या वेळी नुकसान दूरचे उरलेले नसते, ते छातीत आलेले असते. आणि छातीतली कळ विसरली की पुष्कळजण परत टपरीकडे वळतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मनोनिग्रह नावाची काही चीज आहे की नाही? डिसेंबर 1932 मध्ये विनोबा भावे याच नालवाडीत राहायला आले आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी केला. एवढा निग्रह कोणी नाकारणार नाही. पण त्याची रचनाही पाहावी. उठण्याची, प्रार्थनेची, कताईची वेळ ठरलेली, सोबतीला त्याच वाटेवरचे सहकारी आणि अस्वाद म्हणजे जिभेवरचा ताबा, त्यासह एकादश व्रतांचा प्रार्थनेत रोज सामुदायिक उच्चार. निग्रहाला एकटे न सोडता त्याभोवती दिवसाचे कुंपण घातलेले होते. व्हिएतनाम युद्धातून 1971 मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास हेच वेगळ्या टोकाने सांगतो. त्यांच्यातले जवळपास एक पंचमांश तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात या आहारी गेलेल्यांपैकी साधारण विसांत एकच पुन्हा त्या अवस्थेला गेला. जागा, सोबती आणि प्रसंग बदलले, तशी ओढही सैलावली. माणूस परिस्थितीच्या हातातले बाहुले आहे, असा याचा अर्थ नाही. इच्छाशक्तीचा सर्वांत शहाणा उपयोग मोहाशी रोज झुंजण्यात नसून, मोह समोर येणार नाही अशी व्यवस्था आधीच लावण्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा सोडण्याचा दिवस ठरवा आणि घरात एकाला तरी सांगा. पन्नी खिशात, गाडीच्या डिकीत, उशीखाली कुठेही ठेवू नका. महिनाभर टपरीचा रस्ता टाळा. मित्र टाळू नका, त्यांना चहाला दुसरीकडे बोलवा, कारण सोबतीची गरज खर्ऱ्याबरोबर संपत नाही. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. त्रास तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत उतरते. तेवढ्यापुरती बडीशेप चघळा, पाणी प्या, चार पावले चाला. सुपारी चालते असे समजू नका, तीही कर्करोगकारक आहे आणि तोंड आखडण्याचे मुख्य कारण तीच आहे. निकोटीनचा गम डॉक्टरांना विचारून घ्या. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच तोंड तपासून घ्या. आणि घरच्यांनो, एखाद्या दिवशी तो घसरला, तर बोल लावण्याआधी एवढेच विचारा: त्या वेळी कुठे होतास, सोबत कोण होते? उद्या नेमके काय बदलायचे, ते त्या उत्तरात सापडेल.