मारिओ आरपीजी का नाही?

प्रश्न : मारिओ खेळताना मी प्लंबर असतो, ‘कॉल ऑफ ड्यूटी’त सैनिक. भूमिका तर सगळीकडेच करतो. मग ‘रोल-प्लेइंग गेम’ (आरपीजी) हे नाव ठरावीक खेळांनाच का?

उत्तर : शंका रास्त आहे. नुसत्या नावावर गेलो तर टेट्रिससारखे थोडे खेळ वगळता बाकी सगळेच या पंक्तीत बसतील. पण हे नाव आले टेबलावरच्या खेळातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत 1974 साली आला. त्याआधीच्या युद्धखेळांत खेळाडू आख्खे सैन्य हलवी. इथे प्रत्येकाच्या वाट्याला एकच पात्र आले. त्याची ताकद, चपळाई, बुद्धी कागदावर आकड्यांत मांडायची आणि वार लागला की हुकला, हे फासे टाकून ठरवायचे. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे 1981चे संगणकी खेळ याच हिशेबावर उभे राहिले.

तेव्हा विचारायचे ते एवढेच : यश कोणाच्या गुणांवर ठरते, तुमच्या की पात्राच्या? मारिओ खड्ड्यात पडला तर चूक तुमच्या बोटांची. याउलट 2002चा ‘मॉरोविंड’ घ्या. नवशिक्या पात्राची तलवार शत्रूच्या अंगावर पडलेली डोळ्यांना स्पष्ट दिसते, तरी वार लागत नाही. आतल्या आत फासा उलटा पडलेला असतो. भल्याभल्यांनी यावर कपाळाला हात लावला आहे. पुढे पात्राचे तलवारीचे कौशल्य वाढते आणि तेच बटण दाबून वार बसू लागतात. तुम्ही होतात तिथेच आहात, शिकले ते पात्र.

हे आकडे हाणामारीपुरतेच नसतात. 1997च्या ‘फॉलआउट’मध्ये पात्र घडवताना बुद्धीला अगदीच कमी गुण दिले, तर पुढे त्याला धड वाक्य बोलता येत नाही. आपणच केलेली निवड मग निस्तरत बसायची, आणि खरी गंमत त्यातच आहे.

तलवारी, जादूगार, ड्रॅगन दिसले की आरपीजी, हा समज मात्र सोडा. ‘डिस्को एलिसियम’चा (2019) नायक स्मृती गमावलेला पोलिस आहे आणि लढाईची वेगळी यंत्रणाच त्यात नाही. तरी तो अस्सल आरपीजी, कारण अवघड संवादसुद्धा कौशल्याचे आकडे आणि दोन फाशांवर ठरतात.

गोंधळ वाढवला तो उसनवारीने. ‘कॉल ऑफ ड्यूटी 4’ने 2007 साली ऑनलाइन सामन्यांत अनुभवाचे गुण आणि लेव्हल आणल्या, पण नेम तुम्हालाच धरावा लागतो, म्हणून तो नेमबाजीचाच खेळ. ‘झेल्डा’वरून तर चाहते अजून भांडतात. माझे मत विचाराल तर ती मालिका आरपीजी नव्हे (अनुभवाचे गुण देणारा 1987चा दुसरा भाग फार तर अपवाद धरा). तिचा नायक लिंक याची हृदये वाढतात, शस्त्रे बदलतात, पण ढाल वेळेवर पुढे करणे शेवटपर्यंत तुमच्याच बोटांवर राहते.