दिसतं तसं नसतं

रियाधमध्ये इमारतींच्या आसपास मांजरं खूप. एखादं पिल्लू पायाशी घुटमळलं की त्याला उचलून घ्यावंसं वाटतंच. समजा, काही दिवसांनी तुमच्या हातावर लाल, गोल चट्टा उठला. कडा उंच, मधली जागा साफ, आणि खाज तर थांबतच नाही! तुम्ही आईला दाखवता. आई म्हणते, "अरे, हे तर गजकर्ण!" काही घरांत याला नायटा म्हणतात.

गज म्हणजे हत्ती, कर्ण म्हणजे कान. इंग्रजीत याला 'रिंगवर्म' म्हणतात, पण यात हत्ती नाही आणि किडाही नाही. ही आहे बुरशी. त्वचा, केस आणि नखं यांतल्या केराटिनवर ती जगते. मांजरांच्या अंगावरची 'मायक्रोस्पोरम कॅनिस' ही बुरशी माणसांनाही होते. पिल्लू निरोगी दिसलं तरी त्याच्या केसांत ती असू शकते.

आता कपाटातून भारतातून आणलेली ट्यूब बाहेर येते. "मागच्या वेळी दोन दिवसांत बरं वाटलं होतं!" इथेच थांबा. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यामुळे लाली आणि खाज कमी होते, पण त्वचेची लढण्याची ताकदही कमी होते. बुरशी मात्र पसरत राहते. भारतात अशा ट्यूब खूप वापरल्या गेल्या आणि औषधाला दाद न देणारं गजकर्णही वाढलं. अशाच एका चिवट बुरशीला २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव मिळालं. त्यातलं 'इंडो' म्हणजे आपला भारत!

मग काय करायचं? त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. ते चट्ट्याची थोडी साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. औषध सांगितलेले सगळे दिवस लावायचं, चट्टा दिसेनासा झाला तरीही. टॉवेल आणि कंगवा वेगळा ठेवायचा. घरात मांजर असेल तर तिलाही पशुवैद्यांकडे न्यायचं. तिला रागावू नका, तीही आजारीच आहे.

माहीत आहे का?
ब्राझीलचे डॉक्टर जोर्जे लोबो यांनी माणसाच्या त्वचेवर गाठी आणणारा एक बुरशीचा आजार प्रथम नोंदवला. १९७१ साली फ्लोरिडातल्या डॉल्फिनमध्येही तसाच आजार सापडला. दोघांची बुरशी एकच, असं अनेक वर्षं वाटत होतं. डीएनए तपासल्यावर कळलं, त्या दोन वेगळ्या जाती आहेत. म्हणतात ना, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

शब्दार्थ
घुटमळणे – जवळजवळ फिरत राहणे
चट्टा – त्वचेवरचा डाग
चिवट – सहज न जाणारा
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

प्रश्न
१. स्टेरॉइडच्या ट्यूबने बरं का 'वाटतं'?
२. चट्टा गेला तरी औषध का थांबवायचं नाही?
३. तुमच्या घरी गजकर्णाला काय म्हणतात? आजीला फोन करून विचारा आणि दोन वाक्यं लिहा.