करचौकशीचा खर्च आणि विमा

ब्रिटनमध्ये १९९६-९७ या करवर्षापासून स्वयंनिर्धारणाची पद्धती अमलात आली. आपले उत्पन्न किती आणि त्यावरील कर किती, याचा हिशेब व्यावसायिकाने स्वतः करावयाचा व सरकारने तो प्रथमतः मान्य करावयाचा, असे या पद्धतीचे सामान्य स्वरूप आहे. या विश्वासाला साहजिकच चौकशीच्या अधिकाराची जोड द्यावी लागली. विवरणपत्र मुदतीत दाखल झाले असल्यास ते मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत महसूल खाते चौकशी सुरू करू शकते. तिचे कारण सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. काही विवरणपत्रे तर केवळ यदृच्छेने निवडली जातात. तेव्हा चोख हिशेब ठेवणाऱ्या सुताराच्या दारीही चौकशीचे पत्र येऊन पडू शकते.

हे पत्र आले की लेखापालाच्या कामाचे तास मोजले जाऊ लागतात. खाते हिशेबाच्या वह्या, बँकेचे उतारे, खरेदीच्या पावत्या मागवते. धंदा रोखीचा असेल, तर झालेल्या खरेदीवरून विक्री किती व्हावयास हवी होती याचा अंदाज बांधून तो नोंदलेल्या विक्रीशी ताडून पाहिला जातो. तळलेले मासे व बटाटे विकणाऱ्या दुकानदाराने अशा वेळी किती बटाटे सालींत गेले, किती मासे नासले आणि घरच्या माणसांनी किती खाल्ले, हे पटवून द्यावयाचे असते. सचोटी असूनही हे काम सोपे नाही, आणि ते स्वस्त तर नाहीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चौकशीत काहीही निष्पन्न झाले नाही, तरी लेखापालाची फी खात्याकडून सहसा परत मिळत नाही. वाद २००९ साली स्थापन झालेल्या कर न्यायाधिकरणापुढे गेला, तरी सामान्य प्रकरणांत ज्याचा खर्च त्याने सोसावा हाच नियम आहे. एखाद्या पक्षाचे वर्तन अवाजवी ठरले तरच त्याला अपवाद होतो. समजा, वादग्रस्त कर दोन हजार पौंड आहे आणि तो नाकारण्यासाठी तीन हजार पौंड फी पडणार आहे. अशा स्थितीत देणे नसलेला करही भरून मोकळे व्हावे, असे शहाण्या माणसाला वाटल्यास नवल नाही. विम्याचे खरे मोल याच ठिकाणी आहे. पैसे वाचतात हे तर खरेच. परंतु आपली बाजू शेवटपर्यंत मांडण्याचे बळ त्यामुळे मिळते, हे अधिक महत्त्वाचे.

हा विमा बहुधा लेखापालाच्या मार्फत मिळतो. तो आपल्या सर्व ग्राहकांसाठी एकच सामूहिक विमापत्र घेतो व प्रत्येकाकडून वार्षिक रक्कम घेतो. काही व्यावसायिक संघटना आपल्या सभासदांना वर्गणीतच हे संरक्षण देतात. तथापि त्यातून मिळते ती केवळ फी. निघालेला कर, त्यावरील व्याज आणि दंड हे ज्याचे त्यानेच भरावयाचे. आणि हयगयीबद्दलचा दंड बुडालेल्या कराच्या तीस टक्क्यांपर्यंत, तर हेतुपुरस्सर लपवाछपवीबद्दलचा शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. विवरणपत्र उशिरा भरणे, विमा घेण्यापूर्वीच सुरू झालेली चौकशी, जाणूनबुजून केलेली फसवणूक, अर्धवट वह्या पूर्ण करण्याचा खर्च, या गोष्टी बहुतेक विमापत्रांत वगळलेल्या असतात. अस्ताव्यस्त हिशेब ठेवणाऱ्याने विम्यावर भिस्त ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

एकाच मालकाकडून ठरावीक मोबदला घेणाऱ्या, नोकरचाकर नसलेल्या व्यावसायिकाने हप्ता न भरता तेवढी रक्कम बाजूला टाकली तरी चालण्यासारखे आहे. रोखीची उलाढाल, मूल्यवर्धित कर आणि नोकरांचे पगार ही तिन्ही ज्याच्या धंद्यात आहेत, त्याने मात्र विमा घ्यावा, असे माझे मत आहे. तत्पूर्वी संघटनेच्या वर्गणीतून हेच संरक्षण आपल्याला आधीच मिळालेले नाही ना, हे त्याने पाहावे. एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे भरणे उगाचच होईल. तसेच यशाची वाजवी शक्यता उरली नाही, असे ठरवून मदत थांबवण्याचा अधिकार विमा कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे काय, हे विमापत्राच्या बारीक अक्षरांत वाचावे आणि त्याविषयी लेखापालाला स्पष्ट विचारावे.