एका गोळीत दोन औषधं कशाला?

प्रश्न : वडिलांचं हृदय अशक्त झालंय, पायांवर सूज असते. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. पाकिटावर दोन औषधं दिसली, टोर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन. दोन्ही लघवी वाढवणारीच, मग एकाचाच डोस का वाढवला नाही?
– एक वाचक, बेला (जि. आदिलाबाद)

उत्तर : एकट्या टोर्सेमाइडचा डोस वाढवला असता तर सूज उतरली असती, पण वडिलांचं पोटॅशियमही उतरलं असतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीडेक लिटर सोडून बाकीचा परत घेतात. मीठ जाईल तिकडे पाणी जातं. नलिकेच्या ज्या वळणावर जवळपास पाव हिस्सा मीठ परत घेतलं जातं, तिथेच टोर्सेमाइड आडवं येतं. म्हणून तासाभरात लघवी सुटते.

पण शरीर मुकाट्याने मीठ जाऊ देत नाही. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं (हृदयरुग्णांत ते बहुधा आधीच चढलेलं असतं) आणि नलिकेच्या शेवटी मीठ ओढून घेऊन पोटॅशियम बाहेर टाकतं. मग पायांत गोळे, थकवा. खरी भीती हृदयाचे ठोके बिघडण्याची. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनलाच रोखतं. एकटं ते मवाळ, असर दिसायला दोन-तीन दिवस लागतात. तरी त्याला निव्वळ मदतनीस समजू नका. १९९९ मध्ये 'रेल्स' या अभ्यासात, हृदय फार थकलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत ते दिल्यावर मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, तेही साधारण २५ मिलिग्रॅमच्या लहानशा डोसने. यकृत खराब होऊन पोटात पाणी झालं तर मुख्य औषध हेच असतं.

आता उलटा धोका : पोटॅशियम जास्त वाढणं. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियमच असतं, ते टाळा. नारळपाणी रोज द्यायचं असेल तर आधी विचारा. गुडघेदुखीला मनाने डायक्लोफेनॅक देऊ नका, त्याने मूत्रपिंडावर ताण येतो आणि या गोळीचा असरही कमी होतो. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन सांगितलेल्या तारखांना तपासा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण तेव्हा गोळी बहुधा थांबवावी लागते. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी पुन्हा साठतंय. लोणचं-पापड चालूच असतील तर गोळी तरी काय करणार?

आणि शेजारी कुणाचे पाय सुजले म्हणून यातली अर्धी देऊ नका. हत्तीपायाची किंवा रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने आलेली सूज हिने उतरत नाही.